दुर्ग आणि माया

शाल्व राजा सौभ नावाचे आकाशगामी नगर घेऊन द्वारकेवर चालून येत आहे, हे कळताच द्वारकेत दवंडी पिटली गेली ती मद्यपानबंदीची. महाभारताच्या वनपर्वातील ही कथा स्वतः श्रीकृष्ण सांगतो. द्यूताच्या वेळी तो हस्तिनापुरास का येऊ शकला नाही, हे युधिष्ठिराला समजावून देताना तो द्वारकेच्या वेढ्याचे वर्णन करतो, आणि त्या वर्णनाचा पहिला भाग एखाद्या किल्लेदाराच्या दप्तरातून उचलल्यासारखा वाटतो. नट, नर्तक व गायक यांना नगराबाहेर पाठविण्यात आले. पूल मोडून टाकले, नौकांची ये-जा बंद केली, खंदकांत सुळे रोवले, नगराभोवतीची कोसभर भूमी खणून खाचखळग्यांची केली. मुद्रा दाखविल्यावाचून कोणाला आत येता येत नव्हते, बाहेरही जाता येत नव्हते. सैन्याचे वेतन थकलेले नव्हते आणि ते हलक्या धातूच्या नाण्यांत चुकते केलेले नव्हते. केवळ कोणाच्या मर्जीने भरती झालेला, अथवा ज्याचा पराक्रम पारखलेला नाही, असा एकही सैनिक तटावर नव्हता.

शत्रूचे नगर आकाशातून येणार असता खंदकातील सुळ्यांचा उपयोग काय, हा प्रश्न कथनकाराला पडत नाही. शाल्वालाही तो पडत नाही. इच्छेनुसार संचार करणारे सौभ हाताशी असताना त्याचे चतुरंग सैन्य जमिनीवरच तळ देते. आणि तोही विपुल पाण्याची सपाट जागा पाहून, श्मशाने, देवालये व वारुळे टाळून, म्हणजे सेनानिवेशाच्या शास्त्राला धरून. अद्भुताच्या जगातही वेढा हा वेढाच राहतो. त्याचे नियम मायेने रद्द होत नाहीत.

अद्भुतकथा आणि दुर्गशास्त्र यांचा हा संबंध भारतीय वाङ्मयात फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते. अद्भुत वाङ्मय म्हणजे कल्पनेचा स्वैर विहार, त्याला व्यवहाराचे ओझे नाही, असे सामान्यतः समजले जाते. परंतु ह्या वाङ्मयातील दुर्ग कसा लढविला जातो, कोणाकडून लढविला जातो आणि तो अखेर कशाने पडतो, हे त्या त्या काळाने सत्तेविषयी व सामान्य माणसाविषयी काय मानले, याची मोठी बोलकी साक्ष देते. द्वारकेच्या तटापासून एकोणिसाव्या शतकातील तिलिस्मापर्यंत हा दुर्ग बदलत आला. त्या बदलात वाङ्मयाने काही मिळविले, काही गमावलेही.

प्रथम मायेचे स्वरूप पाहावे. सौभपर्वात शाल्वाचे सर्वांत घातक शस्त्र कोणते? त्याने बाणांचा व पाषाणांचा वर्षाव केला, तो कृष्णाने सहन केला. कृष्ण खचतो तो एका निरोपाने. द्वारकेहून आल्याचे सांगणारा एक दूत उग्रसेनाच्या नावाने वार्ता आणतो, की वसुदेव मारला गेला, आता युद्ध सोडून द्वारका राखावी. पाठोपाठ सौभातून वसुदेवाचा देह खाली कोसळताना दिसतो आणि कृष्ण मूर्च्छित होतो. शुद्धीवर आल्यावर ना तो दूत दिसतो ना पित्याचा देह, आणि ही माया होती असे त्याला उमगते. रामायणातही हाच डाव आहे. इंद्रजित वानरसैन्यासमोर आणून मारतो ती मायासीता. तिच्या वधाची वार्ता हनुमान रामाला सांगतो आणि राम कोसळतो. ही माया आहे हे विभीषण सांगतो, कारण तो त्याच घरातला आहे. दोन्ही महाकाव्यांत माया म्हणजे मुख्यतः खोटी बातमी. वेढ्यात तटापेक्षा अधिक लवकर ढासळते ते लढणाऱ्याचे मन, हे त्या कवींना ठाऊक होते.

लंकेच्या वर्णनातही शास्त्राचा आधार असाच ठळक आहे. युद्धकांडाच्या आरंभी हनुमान रामाला लंकेची जी माहिती देतो, ती उत्तम हेराची आहे. चार महाद्वारे, त्यांवरील बाण व दगड फेकणारी यंत्रे, शतघ्नी, मगरींनी भरलेले खंदक, खंदकांवरील चार संक्रम आणि शत्रू त्यांवर आला की त्याला खंदकात लोटणारी यंत्रणा, हे सर्व तो क्रमाने सांगतो. नादेय, पार्वत, वन्य व कृत्रिम असे दुर्गाचे चारही प्रकार लंकेत एकत्र आले आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. ह्याच अहवालात तो रावणाविषयीही सांगतो, की तो सावध आहे, व्यसनांत बुडालेला नाही, सैन्याची पाहणी स्वतः करतो. शत्रूची ही स्तुती अस्थानी वाटेल. पण वेढा घालणाऱ्याला खंदकाच्या रुंदीइतकीच किल्लेदाराच्या सावधपणाची नोंद हवी असते. सुवर्णाची लंका वाचकाला खरी वाटते ती ह्या नोंदींमुळे.

मात्र अशी लंका पडते कशी? इंद्रजिताचे सामर्थ्य निकुंभिलेतील होम पुरा होण्यावर अवलंबून आहे, आणि हे गुपित विभीषण जाणतो. रावणाने वर मागताना माणसाला वगळले. कर्णपर्वातील त्रिपुराच्या आख्यानात हे तत्त्व सर्वांत स्वच्छ मांडले आहे. तारकासुराचे तीन पुत्र अमरत्व मागतात, ब्रह्मदेव ते नाकारतो. मग ते सोन्याचे, रुप्याचे व लोखंडाचे अशी तीन संचारी नगरे मागतात आणि विनाशाची अट स्वतःच घालून घेतात: सहस्र वर्षांनी तिन्ही पुरे एकत्र येतील तेव्हा एकाच बाणाने त्यांचा भेद करील, त्याच्याच हातून मृत्यू यावा. अद्भुत दुर्ग असा अटीवर अजिंक्य असतो. त्याच्या तटात कोठे तरी एक अदृश्य दिंडी ठेवलेली असते आणि तिची किल्ली आतल्याच कोणाजवळ असते.

कवींनी शास्त्राकडून घेतले, तसे शास्त्रकाराने कवींकडून घेतले. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे तेरावे अधिकरण दुर्ग हस्तगत करण्याच्या उपायांना वाहिलेले आहे. १९०९ साली शामशास्त्री यांनी हा ग्रंथ प्रथम प्रकाशात आणला. पुढे १९६० साली रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केली. त्या अधिकरणाच्या आरंभी शिड्या किंवा सुरुंग येत नाहीत. विजिगीषूने आपण सर्वज्ञ आहोत व देवता आपल्या सान्निध्यात आहेत अशी प्रसिद्धी करावी, हा तेथला पहिला उपदेश आहे. शत्रूच्या घरातील गुप्त गोष्टी हेरांकडून जाणून घेऊन त्या दिव्यदृष्टीने कळल्या असे भासवावे. भुयारातून देवमूर्तीच्या आत शिरलेल्या हस्तकांशी राजाने संभाषण करावे. पाण्यातून वर येणाऱ्या नागांचे सोंग उभे करावे. पुढे चारशे वर्षे वयाचा म्हणविणारा एक तापस येतो. तो गुहेत राहतो आणि चमत्काराच्या आशेने राजाला किल्ल्याबाहेर काढतो. दुर्गलाभाची पाच साधने कौटिल्य मोजतो, त्यांत भेद करणे व हेर पेरणे ही प्रथम आणि प्रत्यक्ष हल्ला शेवटी. महाकाव्यातील माया येथे खात्याचे काम झाली आहे. तरी याच ग्रंथकाराने एक इशारा देऊन ठेवला आहे, की अन्य उपायाने दुर्ग मिळत असता त्याला आग लावू नये. कारण अग्नीचा भरवसा नाही, तो माणसे, धान्य, गुरेढोरे सर्वच खातो, आणि सर्वस्व जळालेला किल्ला हाती येऊनही व्यर्थ. तटाच्या आत माणसे राहतात, ह्याचे भान त्या निष्ठुर म्हणून गाजलेल्या शास्त्रकाराने सोडलेले नाही.

हे भान पुढे क्षीण होत गेले. शाल्ववधाची कथा भागवताच्या दशमस्कंधात पुन्हा येते. सौभ तेथे अधिक दिमाखदार आहे. ते मयाने घडविले आहे, कधी अनेक रूपांत तर कधी एका रूपात दिसते, कधी दिसेनासे होते. युद्ध सत्तावीस दिवस चालते. पण मद्यबंदीची दवंडी, मोडलेले पूल, मुद्रा आणि वेळेवर चुकते केलेले वेतन यांचा मागमूस तेथे नाही. मूर्च्छेच्या प्रसंगाविषयी तर शुकाचार्य स्पष्ट सांगतात, की कृष्णाला मोह झाला असे म्हणणारे ऋषी आपल्याच वचनाला बाध आणतात; अखंड ज्ञान असणाऱ्याला शोक कोठला व मोह कोठला? भक्तीच्या दृष्टीने हे उत्तर अपरिहार्य आहे आणि त्याची उंची वेगळी आहे. परंतु दुर्गाच्या कथेचे दोन आधार त्याबरोबर गेले. रक्षणकर्ता सर्वज्ञ ठरला, तेव्हा खोट्या बातमीचे भय संपले. तो सर्वसमर्थ ठरला, तेव्हा तटावरच्या सैनिकाच्या वेतनाची चौकशी करण्याचे कारण उरले नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीतील, सुकथनकरांनी संपादिलेले आरण्यकपर्व आणि भागवत समोरासमोर ठेवून वाचले, म्हणजे एकाच कथेतून शिबंदी कशी नाहीशी होते ते दिसते.

मध्ययुगात फारसी व उर्दू दास्तानांच्या रूपाने अद्भुतकथेला नवे रूप आले. अमीर हमजाच्या दास्तानावर अकबराचा विशेष लोभ होता. साधारण १५६२ ते १५७७ या काळात त्याच्या चित्रशाळेत ह्या कथेची सुमारे १४०० चित्रे तयार झाली. त्यांत किल्ले पुष्कळ आहेत, आणि त्या किल्ल्यांत शिरणारे ऐयारही. ऐयार म्हणजे वेषांतरात, गुंगीच्या औषधांत व दोरावरून तट चढण्यात प्रवीण असा हेर. रात्रीत एखाद्या सरदाराला बेशुद्ध करून गाठोड्यात बांधून तो खाली उतरवतो आणि सकाळी युद्धाचा रंग पालटतो. ही चित्रे रंगत असतानाच, ऑक्टोबर १५६७मध्ये, त्यांच्या धन्याने चितोडला वेढा घातला. तेथे गुंगीची औषधे चालली नाहीत. मातीच्या भिंती घालून वर कातड्यांनी आच्छादिलेले साबात नावाचे रुंद मार्ग तटाकडे सरकवावे लागले, आणि ते बांधणारे मजूर रोज मारले जात होते. दोन सुरुंगांपैकी एक आधी उडाला. पडलेल्या खिंडारात बादशाही सैनिक घुसले तोच दुसरा उडाला आणि त्यांचाच घात झाला. चितोड पडला तो पुढच्या फेब्रुवारीत. कथेतील किल्ला एका रात्रीत उघडतो याचे आकर्षण अशा काळात का वाढावे, हे समजण्यासारखे आहे. चित्रातल्या ऐयाराने श्रोत्याला त्या मजुरांचा हिशेब विसरू दिला.

तथापि इतिहास आणि कथा यांची सीमा वाटते तितकी पक्की नसते. १५३८ साली शेरखानाने रोहतासचा किल्ला घेतला. विजापूरच्या दरबारात इतिहास लिहिणारा फिरिश्ता सांगतो, की कुटुंबातील स्त्रियांना आश्रय मागून शेरखानाने डोल्यांतून सशस्त्र पठाण आत पाठविले. ही गोष्ट सर्वतोमुखी झाली. परंतु अकबराच्या आज्ञेवरून शेरशहाचे चरित्र लिहिणारा अब्बासखान सरवानी ती निखालस खोटी ठरवितो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे राजाचा कारभारी चूडामण याला सोने देऊन वश करण्यात आले. लोकांच्या कल्पनेने डोली स्वीकारली आणि लाच विसरली. मराठी मुलखातही हे घडले आहे. १६७० साली कोंढाणा घेतला गेला, त्या पराक्रमाशी लोकपरंपरेने घोरपड जोडून दिली. मावळ्यांच्या हातापायांनी जे केले त्याचे श्रेय दोर ओढून नेणाऱ्या एका प्राण्याला गेले.

रोहतास पडला त्याच वर्षी हुमायून चुनारला वेढा घालून बसला होता. त्याचा तोफांचा जाणकार रूमीखान याने आपल्या एका गुलामाला चाबकाने फोडून काढले व पळून आल्याच्या मिषाने किल्ल्यात पाठविले. आतल्या लोकांनी त्याला आसरा दिला. त्याने बुरूज व मोर्चे पाहून घेतले आणि एके दिवशी परतून सर्व माहिती धन्याला दिली. हुमायूनचा सेवक जौहर आफताबची याने ही हकीकत नोंदली आहे. ऐयारी ती हीच. मात्र दास्तानातील ऐयाराच्या पाठीवर चाबकाचे वळ नसतात. चुनार हाती आला, पण तेथे गेलेल्या महिन्यांत शेरखानाने गौड जिंकले. एक किल्ला घेण्याच्या नादात हुमायून बंगालचा डाव हरला.

हाच चुनारगड साडेतीनशे वर्षांनी हिंदीतील सर्वांत लोकप्रिय अद्भुतकथेचे केंद्र व्हावा, हे लक्षणीय आहे. १८८३पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. मुहम्मद हुसेन जाह आणि नंतर अहमद हुसेन कमर यांनी सिद्ध केलेल्या ह्या प्रचंड कथेत तिलिस्म, म्हणजे मंत्रबळाने बांधलेला प्रदेश, हाच दुर्ग आहे. बाहेरचा व आतला प्रदेश, मध्ये रक्ताची नदी, नदीवर पऱ्यांचा पूल, आत जादूगारांचा बादशहा अफरासियाब. ह्या दुर्गालाही त्रिपुरासारखीच अट आहे. त्याचे आयुष्य ठरलेले, त्याचा विजेता ठरलेला, आणि त्याला उलगडण्याची विद्या एका पाटीवर लिहून ठेवलेली. मात्र अफरासियाबाची सत्ता प्रत्यक्षात पोखरली जाते ती त्याच्याच गोटातील माहरुख, बहार अशा जादूगारिणी प्रतिपक्षाला मिळाल्यामुळे. विभीषण येथेही आहे, फक्त तो स्त्रीवेषात आला आहे.

देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८मध्ये येऊ लागली. खत्रींनी काशीनरेशांकडून चकिया व नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. त्या निमित्ताने ते जुन्या गढ्या व पडके वाडे पाहत हिंडले. नौगढ, विजयगढ, चुनार ही कादंबरीतील राज्ये त्याच भूमीवरील आहेत. त्यांच्या तिलिस्माची कल्पना होशरुबाहून निराळी आहे. अपार धन बाळगणारा एखादा राजा, ते योग्य वंशजालाच मिळावे म्हणून, ज्योतिषी व कारागीर जमवून तिलिस्म बांधवितो. त्यातील पुष्कळ चमत्कार पुढे ‘चंद्रकांता संतति’त यंत्रे, कळा व औषधी यांनी उलगडून दाखविले जातात. ऐयारांचाही एक शिरस्ता आहे. पकडलेल्या ऐयाराला कैद करावे, मारू नये. रक्तपाताविना राज्यांचा निकाल लागावा अशी एक सभ्य कल्पना त्यामागे आहे. ही कथा वाचता यावी म्हणून असंख्य लोक हिंदी शिकले, हे तिचे वाङ्मयेतिहासातील कार्य कोणी नाकारलेले नाही.

पण ह्या दुर्गावर पहारा कोणाचा आहे? उत्तर असे, की कोणाचाच नाही. तिलिस्मात शिबंदी नाही, धान्याचे कोठार नाही, वेतन थकण्याचा प्रश्न नाही. दगडी पुतळे, आपोआप लागणारी दारे आणि वारसाची वाट पाहणारे धन एवढेच तेथे आहे. द्वारकेत माया शत्रूपाशी होती व तट माणसांचा होता. येथे माया तटाची आहे आणि कौशल्य उरले आहे ते शत्रूच्या ऐयारापाशी. ह्या पालटाचे कारण ज्या काळात कथा लिहिली गेली त्यात शोधता येते. १७६५ साली चुनार इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे लढण्यास निकामी झालेल्या गोऱ्या सैनिकांचे ठाणे झाला. किल्ला होता, पण तो कोणाचे रक्षण करीत नव्हता. ज्या दुर्गाचे राज्यकार्य संपले, तो बंद पेटीसारखा झाला. आत पूर्वजांनी काही ठेवले असेल आणि ते एखाद्या दिवशी आपल्याच रक्ताच्या माणसाला सापडेल, एवढीच आशा त्याच्याभोवती उरली. तिलिस्म हे त्या आशेचे वाङ्मयीन रूप म्हणता येईल.

ह्याच दशकांत मराठीने त्याच दुःखाला वेगळे उत्तर दिले. १८१८ साली रायगड पडला, त्यानंतर सह्याद्रीतील अनेक गडांच्या वाटा व पायऱ्या इंग्रजांनी उद्ध्वस्त केल्या. येथेही किल्ले मुके झाले होते. परंतु हरि नारायण आपटे यांनी ‘उषःकाल’ व ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबऱ्यांत गडाला पुन्हा माणसे दिली. ह्याला परंपरेचा आधार होता. शिवकालीन व्यवस्थेत एकाच्या फितुरीने गड जाऊ नये म्हणून हवालदार, सबनीस व कारखानीस असे निरनिराळे अधिकारी नेमले जात, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवरील माणसांच्या निवडीची चिंता तटबंदीइतकीच आहे. तथापि ह्या तुलनेवरून एक रीत श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असा निवाडा करणे योग्य होणार नाही. ऐतिहासिक कादंबरीने माणसे परत आणली, पण त्यांना बहुधा वीर करून आणले. वेतनाची वाट पाहणारा सामान्य पहारेकरी तिच्याही नजरेतून पुष्कळदा निसटला. उलट खत्रींनी चमत्काराचा खुलासा यंत्राने करण्याचा आग्रह धरून, विद्येने कोणतेही दार उघडते हा विश्वास आपल्या लक्षावधी वाचकांना दिला.

अद्भुत वाङ्मयाचे मूल्यमापन करताना त्यात अशक्य किती आहे हे मोजण्याची सवय समीक्षेला लागली आहे. ते माप फारसे उपयोगी नाही. आकाशगामी नगर सौभपर्वात आहे, भागवतात आहे, होशरुबातही त्याची भावंडे आहेत. अशक्यता सर्वत्र सारखीच आहे. भेद पडतो तो दुर्गरक्षणाची किंमत कोण देतो, याची नोंद कथा ठेवते की नाही यावरून. महाभारताच्या कवीने ती ठेवली. सुदर्शनाने सौभाचे दोन तुकडे करणारा कृष्ण त्याने उभा केला, आणि तो कृष्ण येण्यापूर्वी द्वारका ज्यांनी धरून ठेवली त्यांचे वेतन वेळेवर दिले गेले होते, हेही लिहून ठेवले.